तिसरी कुठं लावणार?

एप्रिलमधला रविवार होता. पप्पांचा व्हिसा आदल्याच आठवड्यात आला होता आणि मी त्यांना व्हिडिओ कॉलवर आमची व्हॅन दाखवत होते. हा पलंग, ही दोन बर्नरची शेगडी, हे सिंक, ही तुमची सीट. मग लॅपटॉपवरची एक्सेल शीट दाखवली. व्हॅनच्या मागं सायकली लावायला नवा रॅक घ्यायचा होता आणि तीन आठवडे मी तेच करत होते. अकरा रॅक, नऊ कॉलम. एक ओळ हिरवी केलेली.

"हा फायनल करतेय पप्पा. दोन सायकलींचा."

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

"आणि तिसरी कुठं लावणार?"

"कुठली तिसरी?"

"माझी की."

मी म्हणाले, आवाज तुटतोय, नंतर फोन करते. आवाज अजिबात तुटत नव्हता.



आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. गेल्या वर्षी आम्ही एक सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली, फियाट डुकाटो. मुळात ही मालवाहू व्हॅन, इटलीत आतेसा नावाच्या गावाजवळ बनते. पण उंच छत, सपाट फरशी आणि मागं दोन पाखांची उभी दारं, म्हणून तिच्यात पलंग, टाकी, शेगडी बसवून कॅम्पर करणं सोपं जातं. युरोपातल्या हायवेवर उभं राहिलात तर दर थोड्या वेळानं एक तरी डुकाटोची कॅम्पर जाईल. आमची ५.९९ मीटर लांबीची आहे.

आईला फोनवर सांगितलं की मागं 'बाईक रॅक' बसवायचाय, तर ती घाबरली. "गाडीला गाडी कशाला टांगताय गं?" तिच्या डोळ्यांपुढं पल्सर होती. इथं बाईक म्हणजे सायकल, हे समजावेपर्यंत माझा पोहा करपला.

व्हॅनसोबत जुन्या मालकाचा रॅक फुकट मिळाला होता. मागच्या दारावर बसणारा. वरून दोन आकडे दाराच्या कडेला अडकतात, खालून दोन पकडी, आणि मध्ये सायकली. हलका, स्वस्त, आणि नंबर प्लेट व दिवे झाकले जात नाहीत, कारण सायकली त्यांच्या वर राहतात. आमच्या रॅकची मर्यादा ३५ किलो होती. आमच्या सायकली १४ आणि १५ किलोच्या. म्हणजे २९. हिशेबात बसत होतं, म्हणून मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

मार्चच्या शेवटी आम्ही उल्मकडे निघालो होतो. ए-८ हायवे, वेग ताशी ९५ च्या आसपास. मागची गाडी दिवे मारायला लागली. मला वाटलं, घाईत असेल, मी मधल्या लेनमध्ये होते, ती सोडून उजवीकडे घेतली. तीही उजवीकडे आली आणि पुन्हा दिवे. तेव्हा पोटात काहीतरी हललं. पुढच्या पार्किंगला उतरलो तर वरचा एक आकडा दाराच्या कडेवरून वीतभर सरकला होता. रॅक एका बाजूला कलला होता. दोन्ही सायकली फक्त पट्ट्यांवर लोंबकळत होत्या. माझ्या सायकलचं पुढचं चाक बाहेरच्या बाजूला मोकळं फिरत होतं.

ती मागची गाडी आमच्यासोबत थांबली नाही. हात दाखवून निघून गेली. त्या गाडीत मागच्या सीटवर एक लहान मुलाची खुर्ची होती. ती रिकामी होती का, हे मला आठवत नाही. ते आठवायचा मी नंतर खूप प्रयत्न केला.

चूक रॅकची नव्हती. आकड्यांच्या आतलं रबर झिजलं होतं आणि ते मी कधी तपासलं नव्हतं. निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून सगळं पुन्हा आवळायचं असतं, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल मी वाचलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांना 'डॉक्युमेंटेशन वाचा' म्हणून सांगणारी मी.

त्या दिवशी सायकली आत पलंगावर टाकून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट उघडली.



पर्याय मुळात तीनच असतात. सायकली आत ठेवा, दारावर लावा, किंवा टो-बारवर लावा. छतावरही लावता येतात, पण अडीच मीटरपेक्षा उंच गाडीवर सायकल चढवायला शिडी लागते, म्हणून तो सोडून देऊ.

आत ठेवणं सगळ्यात सुरक्षित. चोरी नाही, पाऊस नाही. पण मग झोपायचं कुठं? रोज रात्री चिखलाच्या सायकली बाहेर काढायच्या आणि सकाळी परत आत. एकदा करून बघितलं. लग्न टिकवायचं असेल तर करू नये.

दारावरचा रॅक आमच्याकडे होताच. नवा, चांगला घेतला असता तर ६० किलोपर्यंत पेलणारेही मिळतात. पण सगळं वजन शेवटी दाराच्या बिजागऱ्यांवर येतं, आणि दार उघडायचं म्हणजे सायकलींसकट उघडायचं. वारा असेल तर एकानं धरून उभं राहायचं.

टो-बार म्हणजे गाडीच्या मागं ट्रेलर जोडायला बसवतात तो लोखंडी गोळा. त्याच्यावर रॅक बसतो. सायकल फक्त गुडघ्याएवढी उचलावी लागते. ई-बाईकसारख्या जड सायकलींसाठी हाच बरा. पण मग बाकीचं सुरू होतं. गाडीची नंबर प्लेट झाकली जाते, म्हणून तिसरी प्लेट बनवून रॅकवर लावायची. तिच्यावर सरकारी शिक्का लागत नाही, प्लेटच्या दुकानात थोड्या वेळात मिळते. मागचे दिवे झाकले जातात, म्हणून रॅकला स्वतःचे दिवे, त्यांना १३ पिनांचा सॉकेट, त्याचं वायरिंग. पुढं इटलीला न्यायची झाली तर मागं बाहेर आलेल्या सामानावर ५० बाय ५० सेंटिमीटरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक लावायचा. आणि रॅक मागं झुकवला तरी दोन पाखांची दारं पूर्ण उघडत नाहीत. बाजूला फिरणारे रॅक येतात, पण ते आणखी जड.

जड. सगळं शेवटी तिथंच येऊन थांबतं.

भारतातलं लायसन्स जर्मनीत राहायला आल्यावर सहा महिने चालतं. नंतर लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात. मी दिल्या. त्यातून मिळतं ते बी वर्गाचं लायसन्स, ज्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. इथल्या साठीतल्या लोकांकडे जुनी लायसन्स आहेत, त्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा. आम्हाला नाही. आणि ३,५०० म्हणजे गाडी, डिझेल, पाणी, माणसं, भांडी, लोणच्याची बरणी, सगळं धरून.

म्हणून मी गाडी काट्यावर नेली. इथं भंगार आणि कचरा घेणाऱ्या काही ठिकाणी मोठा वजनकाटा असतो, थोडे युरो देऊन गाडी तोलता येते. आम्ही दोघं, टाकी भरलेली, १०० लिटर पाणी, सगळं सामान, सायकली सोडून. आकडा आला ३,२९०.

उरले २१०. दोन सायकली, रॅक, आणि पप्पा. आरामात बसत होतं. हिरवी ओळ त्याच दिवशी केली होती. दारावरचा नवा रॅक, दोन सायकलींचा, टो-बार नको, वायरिंग नको, प्लेट नको.

शीटमध्ये पप्पांच्या नावानं एक ओळ होती: ६६ किलो, बॅग १४ किलो. त्यांच्या सायकलसाठी ओळ नव्हती. कारण पप्पा सायकल चालवत नाहीत, हे मला माहीत होतं. मीच बंद केली होती.



आमचं गाव हातकणंगल्याजवळ. पप्पा इचलकरंजीत एका लूमच्या कारखान्यात दिवाणजी होते. जाऊन-येऊन रोजचे वीसेक किलोमीटर, सायकलवर, तीस वर्षं. वाटेत मोपेड घ्यायची ऐपत आली होती, घेतली पण, दादानं चालवली. पप्पा सायकलवरच. मागच्या कॅरेजवर कधी कापडाचे तागे, कधी गॅस सिलिंडर, कधी मी. ताग्यांना दोरी नसायची, जुनी ट्यूब कापून केलेला पट्टा असायचा. गाठ मारायच्या आधी ते ट्यूब दोनदा ताणून बघायचे आणि सायकल उभ्या उभ्या हलवायचे. आवाज आला की सोडून पुन्हा बांधायचे. उशीर झाला तरी.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मी जर्मनीत, तिकीट मिळेपर्यंत ते घरीही आले होते. येता आलं नाही म्हणून असेल, मी फोनवरून सगळं चालवायला लागले. गोळ्यांचा तक्ता केला. जेवणात मीठ किती, ते सांगितलं. आणि दादाला म्हणाले, ती सायकल आधी घरातून काढ. समोर दिसली की ते बसणार. दादानं भंगारवाल्याला दिली. सातशे रुपये आले.

पप्पा दवाखान्यातून आले, पडवीत बघितलं, काही बोलले नाहीत. आईनंच नंतर सांगितलं की दोन दिवस ते सायकलच्या जागी खुर्ची टाकून बसत होते.

डॉक्टरांना कोणी विचारलं नव्हतं. मला ते विचारायचं सुचलंसुद्धा नाही. घाबरल्यावर माणूस जे हाताला लागेल ते बंद करतो, आणि त्याला काळजी म्हणतो.

आता तीच गोष्ट मी दुसऱ्यांदा करत होते, फक्त या वेळी एक्सेलमध्ये.



दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. पप्पांना डॉक्टरांकडे ने आणि सायकलचं विचार. दादा आठवड्यानं घेऊन गेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, तपासलं आणि म्हणाले, सपाट रस्ता, दम लागेल इतकं नाही, चालवू देत की. आणि वर म्हणाले, "दोन वर्षं का बंद होती?"

दादानं मला हे जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम सांगितलं असणार.

आता तुम्ही म्हणाल, सायकल भाड्यानं घ्यायची. नवराही तेच म्हणाला. बोडनझेच्या काठावर कुठल्याही गावात ई-बाईक भाड्यानं मिळते. टो-बार, वायरिंग, रॅक मिळून खर्च दीड हजार युरोच्या वर जात होता, तेवढ्यात पप्पांना महिनाभर रोज नवी सायकल भाड्यानं घेता आली असती. बरोबर आहे. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. एवढंच म्हणाले की त्यांनी 'तिसरी कुठून आणणार' असं विचारलं नव्हतं, 'कुठं लावणार' असं विचारलं होतं. नवरा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "वजन बसवून दाखव."

तर वजन. ऑफिसातली एक मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर होती, तिनं तिची ई-बाईक तीन महिन्यांसाठी दिली. २५ किलो. बॅटरी काढून आत ठेवली तर २२. टो-बारचा रॅक १९, तिसऱ्या सायकलसाठी जोडायची पट्टी ४, आमच्या सायकली १४ आणि १५. एकूण ७४ किलो. आमच्या टो-बारवर १०० चालतात.

पण ७४ किलो मागं टांगले की मागच्या आसावर ७४ येत नाहीत. मागचं चाक म्हणजे सी-सॉचा मधला खुंटा. सायकलींचं वजन त्याच्या दीड मीटर मागं, पुढचं चाक त्याच्या चार मीटर पुढं. मागं दाबलं की पुढं उचललं जातं. ७४ गुणिले दीड भागिले चार, म्हणजे साधारण २८ किलो पुढच्या आसावरून उचलले जातात आणि तेही मागं येतात. मागच्या आसावर १०२. आमची डुकाटो पुढच्या चाकांवर चालते. वळायचं पुढच्या चाकांनी, ओढायचं पुढच्या चाकांनी, ब्रेकचा बराचसा जोरही पुढंच. ओल्या गवतावर पुढचं हलकं झालं की चाक जागच्या जागी फिरतं.

हे मी पप्पांना फोनवर आकृती दाखवून समजावत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"उसाचा ट्रॅक्टर बघितलायस न्हवं? ट्रॉली जड झाली की पुढची चाकं उचलतो."

"हो."

"मग तेच की. कॅरेजवर सिलिंडर असला की हँडल हलकं लागतंय. तेव्हा जपून वळायचं. आणि जड सायकल गाडीच्या अंगाला लाव, हलकी बाहेर."

जड सायकल आत, हलकी बाहेर. रॅकच्या मॅन्युअलमध्ये पान सातवर हेच आहे. या वेळी मी वाचलं होतं.

टो-बारचे स्वतःचे ३५ किलो धरून, पप्पा, बॅग, बॅटरी, सगळं मिळवलं तर ३,४८२. मर्यादेच्या आत १८ किलो. मागच्या आसाची मर्यादा २,००० होती, तिथंही थोडीच जागा राहत होती. मग पाण्याची टाकी भरून निघायची नाही, २० लिटर पाण्यावर निघायचं आणि मुक्कामी भरायची, असं ठरवलं. ८० किलो तिथं सुटले. लोखंडी तवा घरी ठेवला. मे महिन्यात टो-बार बसला.



पप्पा जूनमध्ये आले. आई मागच्या वर्षी येऊन गेली होती. आजी अंथरुणाला खिळलेली आहे, त्यामुळं दोघं एकत्र कधीच येऊ शकत नाहीत.

पहिल्या शनिवारी निघायच्या आधी मी सायकली चढवल्या. पकडी आवळल्या, कुलूप लावलं, दिवे तपासले, इंडिकेटर, ब्रेक. पप्पा बाजूला हात मागं बांधून उभे. माझं झाल्यावर पुढं आले, मधली सायकल धरली आणि जोरात हलवली. सगळी व्हॅन हलली. दुसऱ्यांदा हलवली.

"आवाज येतोय."

मला काही ऐकू आलं नव्हतं. नव्या तिसऱ्या पट्टीचा एक बोल्ट हातानं फिरत होता. तो आवळला. मग त्यांनी विचारलं, घरात जुनी ट्यूब आहे का. होती, पंक्चरची. त्यांनी ती कात्रीनं कापली आणि तिन्ही सायकलींच्या मधून एक फेरा घेऊन गाठ मारली. त्याची काही गरज नव्हती. मी काढायला सांगितलं नाही.

वीस किलोमीटरनंतर मी गाडी पार्किंगला घेतली. पुन्हा सगळं तपासलं. पप्पा माझ्या आधी खाली उतरले होते.

लिंडाऊला गाडी लावली. बोडनझे म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मधलं मोठं तळं. त्याच्याभोवती साधारण २६० किलोमीटरचा सायकलरस्ता आहे. आम्ही त्यातले दहाच करायचे ठरवले, लिंडाऊ ते ऑस्ट्रियातलं ब्रेगेंझ, सगळा सपाट, पाण्याच्या कडेनं. दहा किलोमीटर म्हणजे गाव ते कारखाना.

ई-बाईकला तीन गिअरची मोटर समजावली. पप्पांनी दोन मिनिटं चालवून मोटर बंद केली. मी पुन्हा चालू करायला लावली. त्यांनी ऐकलं, सर्वात कमीवर ठेवली. मी मागं होते. पहिला अर्धा तास मी तळं बघितलंच नाही, त्यांची पाठ बघत होते. दम लागतोय का, खांदे वर जातायत का. एका ठिकाणी त्यांनी मागं न बघता हात वर करून मला पुढं जायची खूण केली. लहानपणी ट्रकला करायचे तशी. मी गेले पुढं.

ऑस्ट्रियाची हद्द कधी ओलांडली ते कळलं नाही. ब्रेगेंझला बाकावर बसून चपाती-भाजी खाल्ली. पप्पा म्हणाले, "रस्ता चांगलाय." थोड्या वेळानं म्हणाले, "ती सायकल तू द्यायला सांगितलीस, मला माहीत होतं."

मी म्हणाले, "चुकलं माझं."

"सातशेला दिली," ते म्हणाले. "नुसता कॅरेज तीनशेचा होता."

परत येताना त्यांनी मोटर एका गिअरनं वाढवली. मी काही बोलले नाही.



पप्पा सप्टेंबरमध्ये परत गेले. मैत्रिणीची ई-बाईक तिला दिली. रॅकवर आता आमच्या दोनच सायकली असतात. तिसरी पट्टी काढून ठेव, उगीच चार किलो फिरवतोयस, असं नवरा दर वेळी म्हणतो. काढायला दोन बोल्ट आहेत. काढेन.

दिवाळीत पप्पांनी एक फोटो पाठवला. पडवीत, जुन्या जागी, नवी काळी सायकल. कोणाला विचारलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. कॅरेज दुकानातला नव्हता, वेल्डरकडून जाड गजाचा करून घेतला होता. खाली लिहिलं होतं: यावर किती किलो चालतील, तुझ्या शीटमध्ये बघून सांग.